नोंदणी सरकारची, जोखीम खरेदीदाराची: भोपाळमधल्या बुडालेल्या बयान्यांबद्दल

नोंदणी कार्यालयात मुद्रांक शुल्क घेतं ते सरकार. तुमचा फोटो काढतं, बोटांचे ठसे घेतं, आधार तपासतं तेही सरकारच. पण विकणारा माणूस त्या घराचा खरंच मालक होता का, असं विचारलं की हेच सरकार हात वर करतं. ते आमचं काम नाही, तुमचं तुम्ही बघा.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाहीये, कायदाच तसा आहे. नोंदणीचा कायदा १९०८ चा. त्याप्रमाणे निबंधकाने बघायचं ते एवढंच, की समोर आलेला माणूस तोच आहे का आणि दस्तावरची सही आपली आहे असं तो कबूल करतो का. तामिळनाडू सरकारने नियम केला होता, की विकणाऱ्याने आपल्या मालकीचा आधीचा दस्त दाखवला नाही तर निबंधकाने नवा दस्त नोंदवू नये. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. कारण साधं होतं. मूळ कायद्याने निबंधकाला मालकी तपासण्याचा अधिकारच दिलेला नाही, मग नियमाने तो कुठून येणार? न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही. शंभर वर्षांहून जुना कायदा तसाच ठेवून त्याच्या जिवावर मुद्रांक शुल्काची वसुली मात्र बिनबोभाट चालू ठेवणाऱ्यांना मी विचारते आहे.

सौदा सुरळीत पार पडला तर हा प्रश्न कोणाला पडत नाही. पेढे वाटले जातात, वास्तुशांत होते. प्रश्न पडतो तो सौदा अर्ध्यात फिसकटला की. तेव्हा कळतं की आपण जो विसार दिला, ज्याला भोपाळात सगळे बयाना म्हणतात, त्याच्या बदल्यात आपल्या हातात कायद्याच्या भाषेत काहीच आलेलं नव्हतं.

आमच्या घरातलंच सांगते. माझे मावशी-काका भोपाळचे. काकांचे वडील नागपूरहून इथे आले ते १९५६ नंतर. राज्य पुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली, भोपाळची झाली आणि कितीतरी मराठी कारकून-कर्मचारी फायलींबरोबर इकडे आले, त्यातलेच ते. दोन पिढ्या सरकारी क्वार्टरमध्ये गेल्या. काका निवृत्त झाले तेव्हा स्वतःचं घर बघायला सुरुवात केली आणि कोहेफिजाच्या बाजूला एक दुमजली जुनं घर पसंत पडलं. किंमत ठरली ६२ लाख. ९ लाख बयाना दिला, चेकने. पाचशेच्या स्टँपवर अनुबंध झाला, नोटरीचा शिक्का बसला. बाकीचे पैसे ९० दिवसांत, बहुतेक बँकेच्या कर्जातून.

बँकेच्या वकिलाने कागद तपासले आणि अहवाल दिला, की मागच्या दस्तांची साखळी जुन्या संस्थानी मालमत्तेपर्यंत जाते, त्या मालमत्तेबद्दल वाद चालू आहे, स्वत्व निर्विवाद नाही. कर्ज नामंजूर. काका विकणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "भाईसाहब, लोन आपका नहीं हुआ, इसमें मेरा क्या क़सूर?" पंधरा दिवसांत त्याच घराची जाहिरात पुन्हा लागली, ६८ लाखांची.

आता ही संस्थानी भानगड काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बाहेरच्या वाचकांना ती फक्त सैफ अली खानची बातमी म्हणून माहीत असेल.

भोपाळ संस्थान १ जून १९४९ ला भारत सरकारने ताब्यात घेतलं. त्याआधी ३० एप्रिलला विलीनीकरणाचा करार झाला आणि नवाब हमीदुल्ला खान यांची खाजगी मालमत्ता त्यांच्याकडे राहिली. त्यांची थोरली मुलगी आबिदा सुलतान १९५० मध्ये पाकिस्तानात गेली. नवाब १९६० मध्ये वारले. भारत सरकारने वारस म्हणून मान्यता दिली ती इथे राहिलेल्या साजिदा सुलतान यांना. त्या पतौडींच्या घरातल्या, म्हणजे सैफ अली खानची आजी. इथवर सगळं सरकारी मान्यतेने. त्यानंतर २०१५ मध्ये शत्रू मालमत्तेच्या कस्टोडियनने आदेश काढला, की खरी वारस थोरली मुलगी आणि ती पाकिस्तानात गेलेली, म्हणून ही सगळी शत्रू मालमत्ता. १९६० च्या दशकात ज्या सरकारने साजिदा बेगमना वारस मानलं, त्याच सरकारचं दुसरं खातं पन्नास वर्षांनी म्हणतं, की वारस ती नव्हेच.

उच्च न्यायालयाची स्थगिती होती ती डिसेंबर २०२४ मध्ये उठली. दुसरीकडे नवाबाच्या बाकीच्या वारसांचा वाटणीचा वेगळा दावा. त्याचा भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये निकाल दिला होता. ३० जून २०२५ ला उच्च न्यायालयाने तो रद्द करून प्रकरण खाली पाठवलं, वर्षभरात पुन्हा निकाल द्या म्हणून. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही स्थगिती दिली. नवाबाला जाऊन पासष्ट वर्षं झाली आणि मालक कोण हे अजून ठरायचं आहे. वर्तमानपत्रं या मालमत्तेची किंमत १५ हजार कोटी सांगतात. यादीत फ्लॅग स्टाफ हाउस आहे, नूर-उस-सबाह पॅलेस आहे आणि कोहेफिजाचीही मालमत्ता आहे.

राजवाड्यांचं काय व्हायचं ते होवो, त्यांच्याकडे वकील आहेत. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. मधल्या काळात या जमिनींचे तुकडे विकले गेले, त्यावर घरं उठली, ती घरं पुन्हा विकली गेली. प्रत्येक वेळी दस्त नोंदला गेला. प्रत्येक वेळी सरकारने शुल्क घेतलं. नगर निगमने मालमत्ता कराच्या पावत्या दिल्या, वीज जोडली, पाणी दिलं. आणि २०१७ ची शत्रू मालमत्ता कायद्यातली दुरुस्ती म्हणते, की कस्टोडियनकडे गेलेली मालमत्ता कायमची त्याच्याकडेच राहणार आणि शत्रूने आधी केलेले व्यवहारसुद्धा रद्दबातल. सीमेची रेघ माणसाच्या घरात कशी शिरते हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको. इथे ती १९४७ ला ओढलेली रेघ २०२५ मध्ये एका निवृत्त कारकुनाच्या कर्जाच्या अर्जात शिरली.

बरं, अर्ज नामंजूर झाला, घर नाही मिळालं, ठीक. पैसे तर परत मिळतील?

खरी मेख इथेच आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५४, स्वच्छ सांगतं की साठेखताने, म्हणजे विक्रीच्या नुसत्या कराराने, मालमत्तेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. नऊ लाख द्या नाहीतर साठ लाख द्या, नोंदणीकृत खरेदीखत होईपर्यंत मालक तो विकणाराच. २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर चालणारी 'विक्री' ही विक्रीच नव्हे असं ठणकावलं, तेही याच कलमावर. तत्त्व म्हणून बरोबर आहे, नाहीतर काळ्या पैशाला रानच मोकळं. पण मग विसार देणाऱ्याचं रक्षण करणारं काहीतरी तितकंच पक्कं हवं होतं.

कायद्यात ते आहेही, कागदावर. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं, की मालकीतला दोष माहीत असेल तर विकणाऱ्याने तो आपणहून उघड करायचा. सौदा खरेदीदाराच्या चुकीने मोडला नसेल तर त्याने दिलेल्या पैशाचा, विसारासकट, त्या मालमत्तेवर बोजा राहतो. वाचायला किती छान! पण बोजा आहे हे दिसणार कुठे? करार नोटरीचा, नोंदवलेला नाही. उद्या तिसरा माणूस येऊन निबंधक कार्यालयात शोध घेईल तर त्याला पाटी कोरी दिसेल. तो ६८ लाख देऊन घर घेईल आणि म्हणेल, मी प्रामाणिक खरेदीदार, मला काही माहीत नव्हतं. १९६३ चा विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, ज्याखाली करार पुरा करून द्या असा दावा लावतात, तो अशा प्रामाणिक खरेदीदाराच्या बाजूने उभा राहतो. कोणाला दोष द्यायचा?

ह्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये खरेदीदाराने सिद्ध करायचं असतं, की आपण करार पुरा करायला सदैव तयार आणि राजी होतो. तयार म्हणजे पैशाने तयार. काकांचे पैसे यायचे होते बँकेकडून. बँकेने दिले नाहीत, कारण मालकी संशयास्पद. मालकी संशयास्पद, कारण सरकारच्या दोन खात्यांना वारस कोण ते पन्नास वर्षांत ठरवता आलं नाही. आणि कोर्टात याचा अर्थ लावला जाणार तो असा, की खरेदीदार पैशाने तयार नव्हता! दोष विकणाऱ्याच्या घराचा, गोंधळ सरकारचा, आणि करार मोडल्याचा ठपका मात्र काकांवर. विकणाऱ्याच्या वकिलाच्या उत्तरी नोटिशीत नेमकं हेच लिहून आलं. क्रेता रक्कम उभी करू शकला नाही, सबब बयाना जप्त.

त्या नोटिशीत आणखी एक वाक्य उद्धृत केलेलं होतं, आमच्याच अनुबंधातलं: 'क्रेता ने स्वत्व की जाँच कर ली है और वह पूर्णतः संतुष्ट है।' हे वाक्य काकांनी लिहिलेलं नाही, विकणाऱ्यानेही नाही. टायपिस्टच्या संगणकात ते आधीपासून होतं. प्रत्येक करारात असतं. जी तपासणी करायला बँकेच्या वकिलाला तीन आठवडे लागले, ती सही करायच्या आधीच पूर्ण झाली असं काकांच्या तोंडी घातलेलं. बेळगाव-निपाणीकडची मंडळी आपल्याला न वाचता येणाऱ्या भाषेतल्या उताऱ्यांबद्दल वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. आम्हा भोपाळकरांना हिंदी छान येते. तरीही हे वाक्य आमच्यापैकी कोणी 'वाचलेलं' नसतं, कारण कोर्टात त्याचा काय अर्थ होतो हे नोटरीच्या टेबलाशी कोणी सांगत नाही.

मावशी वकिलांकडे गेली तेव्हा मी बरोबर होते. वकीलसाहेबांनी शांतपणे विचारलं, "ताई, तुम्हाला घर हवंय की पैसे?" मावशी म्हणाली, "मला न्याय हवाय." ते हसले. मला तेव्हा राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. घर मागितलं तर कोर्ट फी दाव्याच्या किमतीवर आणि मुदत तीन वर्षं. घर मागताना पैशांची मागणी वेगळी लिहायला विसरलात तर दोन्ही जाऊ शकतात. अतिशयोक्ती नाही ही. मे २०२५ मध्ये कर्नाटकातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराचे २० लाख परत द्यायला नकार दिला. एक कारण होतं करारातली जप्तीची अट. दुसरं, त्याने मूळ दाव्यात परताव्याची मागणीच केली नव्हती, आणि कलम २२ प्रमाणे मागितल्याशिवाय कोर्ट ती देत नाही. वीस लाख, मागणी लिहायची राहिली म्हणून!

आता दुसरी बाजू. मला माहीत आहे, खालच्या कमेंटमध्ये कोणीतरी म्हणेलच, की खरेदीदार काय धुतल्या तांदळाचे असतात? नसतात. एक लाख टोकन देऊन घर दोन-दोन वर्षं अडकवून ठेवायचं, भाव चढले की स्वतः नफ्याने दुसऱ्याला द्यायचं, भाव पडले की पळ काढायचा, असे दलाल भोपाळात पैशाला पासरी मिळतात. कोलार रोडला तर धंदाच आहे तो. एकटी राहणारी म्हातारी घर विकायला काढते आणि कुठून तरी जुन्या तारखेच्या स्टँपवरचा करार उगवतो, हेही होतं. म्हणून तर म्हणते, साठेखताची नोंदणी सक्तीची करा. ज्याचा करार खरा आहे त्याला नोंदणीची भीती नाही. ती म्हातारी वाचेल आणि माझे काकाही वाचतील.

बिल्डरकडून नवं घर घ्या, तिथे २०१६ च्या रेरा कायद्याने एक अक्कल शिकवली आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. पण जुनं घर एका माणसाने दुसऱ्याला विकलं, की हा कायदा तिकडे फिरकत नाही. आणि माझ्या ओळखीतल्या मध्यमवर्गीय घरांनी बहुतेक जुनीच घरं घेतली आहेत, कारण नवी परवडत नाहीत.

दुसरी गोष्ट, चालू खटल्यांची. दावा चालू असताना मालमत्ता विकली तर घेणाऱ्यावर त्या दाव्याचा निकाल बंधनकारक असतो, कलम ५२. पण दावा चालू आहे हे त्याला कळायचं कसं? मुंबईसाठी १९३९ पासून सोय आहे, की दाव्याची सूचना निबंधकाकडे नोंदवली तरच ते कलम लागू होतं. म्हणजे शोध घेतला की दावा दिसतो. मध्य प्रदेशात अशी तरतूद नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे संपदा २.० नावाची ई-नोंदणी प्रणाली मोठा गाजावाजा करून सुरू झाली. घरबसल्या दस्त करा, नकाशावर जागा बघा. उत्तम आहे, खरंच. पण त्या नकाशावर माझ्या काकांनी बघितलेल्या घरावर बोट ठेवलं तर 'या मालमत्तेच्या मूळ मालकीबद्दल न्यायालयात वाद चालू आहे' एवढं एक वाक्य दिसायला काय हरकत होती? न्यायालय सरकारी, निबंधक सरकारी, कस्टोडियन सरकारी, संगणक सरकारी. तिघांनी एकमेकांना विचारायचं आणि चौथ्याने दाखवायचं, एवढंच काम.

मालकीची हमी सरकारनेच घ्यावी ही कल्पना काही मी आज रात्री जागून काढलेली नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती १८५८ मध्ये आली. तिथल्या टॉरेन्स पद्धतीत नोंदवहीत नाव असणं म्हणजेच मालकी. आपल्याकडे राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनींसाठी स्वत्व प्रमाणपत्राचा कायदा केला. नीती आयोगाने २०२० मध्ये राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला. शेतकरी संघटनांनी त्यावर घेतलेले आक्षेप मला पटतात. एकदा चुकीच्या माणसाच्या नावावर पक्की मोहोर उठली की खरा कसणारा कायमचा उघड्यावर. ही भीती खोटी नाही, आणि कस्टोडियनचा अनुभव पाहता तर मुळीच नाही. म्हणून हमीची सुरुवात शहरातल्या बांधलेल्या घरांपासून करा, जिथे पन्नास वर्षांच्या कराच्या पावत्या तुमच्याच कपाटात आहेत.

आमच्या राज्यशास्त्राच्या तासाला जॉन लॉक आहे. माणसं राज्य कशासाठी उभं करतात, तर आपली मालमत्ता सुरक्षित राहावी म्हणून. दहा मार्कांचं उत्तर, मी चांगलं लिहिते. पुढच्याच प्रकरणात चव्वेचाळीसावी घटनादुरुस्ती, १९७८, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम ३००अ मध्ये नेला. तेव्हा जमीनदारांना आवरायचं होतं, मला ते समजतं. पण जमीनदार आजही वकील लावून साठ वर्षं लढतो आहे. मूलभूत हक्क उरला नाही तो नऊ लाखवाल्यांना.

काकांनी शेवटी पैशांचाच दावा लावला, बोजाच्या घोषणेसकट. घरावर मनाई हुकूम मागितला आहे. विकणाऱ्याचं नेमकं नुकसान काय झालं, हा आमचा मुख्य सवाल. भाव तर ६२ वरून ६८ झाला. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की नुकसान झालंच नसेल तर जप्तीची भरपाई कशाची. त्यावर आमचा भर आहे. समोरचे मे २०२५ चा निकाल दाखवणार. बघू.

तोवर तुमच्यापैकी ज्यांचा असा सौदा अडकला असेल त्यांनी आज दोनच कागद काढा. एक करार. त्यात 'मालकी तपासून समाधान झाले' किंवा तशा अर्थाचं वाक्य आहे का ते बघा. नसेल तर तुम्ही नशीबवान. दुसरा, दावा लावला असेल तर त्याची प्रत. शेवटच्या पानावर, जिथे कोर्टाकडे काय मागितलं ते लिहिलेलं असतं, तिथे विसाराचा परतावा व्याजासह मागितला आहे का? नसेल तर उद्या सकाळी वकिलांना फोन करा. दाव्यात दुरुस्ती कुठल्याही टप्प्यावर मागता येते, कलम २२ मध्येच तशी सोय आहे.